सागवानी दार, इलेक्ट्रिक रंधा आणि बोटं कुठे ठेवायची

प्रश्न असा आहे. चिपळूणजवळच्या घराचं जुनं सागवानी दार पावसाळ्यात फुगून चौकटीला घासतं. ते बसतं करण्यासाठी तुम्ही ८२ मिलिमीटरचा इलेक्ट्रिक रंधा आणला आणि आधी एका पडीक फळीवर चालवून पाहिला. फळीच्या दोन्ही टोकांना खड्डे पडले, मधे आडव्या लाटा उमटल्या आणि एकदा यंत्र अचानक मागे उसळलं. आता दाराला लावायचा धीर होत नाही. हातमोजे घातले तर बोटं वाचतील का, आणि काम साफ कसं येईल, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

दारं-खिडक्यांचं काम करणारा म्हणून सांगतो, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. टोकाला खड्डा पाडणाऱ्या आणि बोटाला इजा करणाऱ्या कारणांची मुळं बहुतेक तीच असतात: काम पक्कं धरलेलं नाही, एका फेरीत खोल घास घेतला, हात चुकीच्या जागी आहे. रंध्याचा ड्रम, म्हणजे पाती बसवलेला आतला फिरता गोल, मिनिटाला साधारण १६,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला अडीचशेहून जास्त. त्यावर दोन पाती असल्यामुळे सेकंदाला पाचशेहून जास्त घास लाकडात बसतात. इतक्या वेगात ‘लागलं तर हात काढून घेईन’ ही कल्पनाच सोडून द्यायची. कळ जाणवेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून हात पात्याजवळ जाणारच नाही अशी कामाची मांडणी करणं हीच सुरक्षितता.

पण यंत्र हातात घेण्याआधी एक पाहा: दार खरंच फुगलंय की खाली बसलंय? सागवान लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत. त्यामुळे दार उंबऱ्याला किंवा कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात घासत असेल, तर बहुतेक वेळा वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात. दार कडीच्या बाजूने दोन्ही हातांनी उचलून बघा. वरची बिजागरी हलली तर रंध्याचं काम नाही. जुनी भोकं लाकडाच्या खुंट्या आणि गोंद घालून बुजवा, लांब स्क्रू मारा, आणि मग पुन्हा दार लावून बघा. बिजागरीचा दोष रंध्याने काढायला गेलात, तर दार तिरकं कापलं जातं आणि पुढे बिजागरी दुरुस्त केली की फट उघडी पडते.

कडीची बाजू वरपासून खालपर्यंत सारखी घासत असेल तर मात्र ते फुगणं. आता किती फुगतं ते समजून घ्या, कारण किती काढायचं हे त्यावर ठरतं. पॅनलच्या दारात पॅनल खाचेत मोकळं बसलेलं असतं, ते आतल्या आत हलतं. दाराची रुंदी वाढते ती दोन उभ्या पट्ट्यांमुळे. पट्टी १०० मिलिमीटर रुंद असेल आणि लाकडातला ओलावा उन्हाळ्यापेक्षा पाच टक्क्यांनी वाढला, तर एक पट्टी जेमतेम एक मिलिमीटर वाढते. दोन्ही मिळून दोन. म्हणजे कोरड्या दिवसांत चौकटीत एक सूत (साधारण तीन मिलिमीटर) फट असेल, तर भर श्रावणातही दार मोकळं फिरायला हवं. तुमचं अडतंय याचा अर्थ ती फट मुळातच कमी होती, किंवा वर्षानुवर्षं रंगाचे थर चढून ती बुजली आहे. रंगामुळे बुजली असेल तर नुसता रंग खरवडूनही दार सुटतं.

इथे सगळं परिस्थितीवर आहे. आत्ता ऐन पावसात दार फुगलेलं असताना ते सैल होईपर्यंत रंधलंत, तर फेब्रुवारीत डोळ्यांत भरेल एवढी फट दिसेल. थांबता येत असेल तर थांबा, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एक सूत फट धरून काम करा. थांबणं शक्यच नसेल तर दार जेमतेम सुटेल इतकं, अर्धा-एक मिलिमीटर काढा. आणि दार प्लायचं फ्लश डोअर असेल तर आणखी जपून. त्याच्या कडेला खऱ्या लाकडाची पट्टी असते, ती किती जाड आहे ते पाहिल्याशिवाय हात लावू नका. ती संपली की खाली प्लायचे थर उघडे पडतात, आणि त्यातला गोंद पात्याची धार बघता बघता खातो.

आता यंत्र. प्लग काढून ते उलटं करा. खाली दोन तळ दिसतील. पुढचा तळ खोली ठरवण्यासाठी वर-खाली होतो, मागचा पक्का असतो. पात्याची धार सर्वांत खालच्या जागी आली की मागच्या तळाच्या बरोबर रेषेत असायला हवी. हे तपासायला एक सरळ लाकडी पट्टी मागच्या तळावर धरा, तिचं टोक पात्याच्या वर येऊ द्या, आणि ड्रम काडीने हळूच फिरवा. प्रत्येक पातं पट्टीला अलगद स्पर्श करून गेलं पाहिजे. पट्टी पुढे ओढली गेली तर पातं जास्त बाहेर आहे, लागलंच नाही तर आत आहे. पात्याच्या डाव्या आणि उजव्या दोन्ही टोकांना असंच बघा. एक पातं दुसऱ्यापेक्षा बाहेर असलं की एकटं तेच कापतं, आणि तुमच्या फळीवर आल्या तशा आडव्या लाटा उमटतात. लाटांचं दुसरं कारण म्हणजे यंत्र फार वेगाने पुढे ढकलणं. एक मीटरची फळी पाच सेकंदांत पार केलीत, तर दोन घासांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी राहतं आणि डोळ्याला लाट जाणवत नाही. पाती बदलताना दोन्ही एकदम बदला, बोल्ट घट्ट केल्यावर दोन मिनिटांनी पुन्हा एकदा पाना लावून बघा.

सागवानाबद्दल एक गोष्ट. त्यात सिलिका असते, म्हणून ते पात्यांची धार लवकर मारतं. धार गेली की माणूस नकळत जोर लावायला लागतो आणि जोर लावलेलं यंत्रच उसळतं. निघणारी ढलपी बघत जा. धार ताजी असताना ती सुटसुटीत, मऊ निघते. पिठासारखा भुसा यायला लागला, लाकूड गरम लागायला लागलं, जळका वास आला, की थांबून पाती पालटा. कार्बाइडची पाती सागवानात जास्त टिकतात, पण खिळ्यावर आपटली की त्यांचा टवका उडतो. आणि जुन्या दारात खिळे असतातच. बिजागऱ्या, कडी, कुलूप, पडद्याचे हूक सगळं काढा. मग कडेवरून एक साधं लोहचुंबक फिरवा. रंगाखाली पुरलेला खिळा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, लोहचुंबक तो दाखवतं.

आता बोटांकडे येतो. तुमच्या यंत्राचा तळ ८२ मिलिमीटर रुंद आहे. दाराची जाडी असेल समजा ३५ मिलिमीटर. कडेवर यंत्र ठेवलंत की ३५ मिलिमीटर पातं लाकडावर असतं आणि उरलेलं जवळजवळ ४७ मिलिमीटर पातं हवेत, दाराच्या बाजूला, उघडं फिरत असतं. वरून बघताना ते दिसत नाही, कारण यंत्राचं अंग त्याच्यावर असतं. आता नवीन माणूस काय करतो? यंत्र डुलतं म्हणून उजव्या हाताने मूठ धरतो आणि डाव्या हाताने दाराची कड पकडतो. अंगठा वर, चार बोटं दाराच्या अंगाला. नाहीतर यंत्र सरळ राहावं म्हणून बोटं तळाच्या कडेला लावून, दाराला घासत नेतो. ती बोटं नेमकी त्या ४७ मिलिमीटरच्या वाटेत असतात. अनेक जुन्या सुतारांना हाताच्या रंध्यावर हीच सवय असते, तिथे बोट गाईडसारखं चालवणं बरोबरच आहे. इलेक्ट्रिक रंध्यावर तीच सवय बोट घालवते.

म्हणून नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: बटण दाबलेलं असताना उजवा हात मागच्या मुठीवर, डावा पुढच्या मुठीवर. यंत्र डुलतं ते थांबवायला खोक्यात एक लोखंडी गाईड आलेलं असतं, जे बाजूला स्क्रूने बसतं. बहुतेक लोक ते खोक्यातच ठेवतात. ते लावा. ते दाराच्या अंगाला टेकून चालतं, त्यामुळे यंत्र काटकोनात राहतं आणि तुमच्या बोटांचं काम ते करतं. गाईड पातं उघडं असलेल्या बाजूला येईल असं बसवा, म्हणजे तिकडे हात जायचा मोहही होत नाही.

दोन्ही हात यंत्रावर म्हणजे दार धरायला हात उरत नाही. हेच हवं आहे. दार चौकटीत लटकलेलं ठेवून रंधू नका, काढून घ्या. मग ते कडेवर उभं करून जमिनीवर पक्कं बसवायचं. जाड लाकडाच्या दोन ठोकळ्यांना दाराच्या जाडीपेक्षा जरा रुंद खाच पाडा, दार त्यात उभं करा आणि पाचर ठोका. ठोकळे रुंद पट्टीवर खिळलेले असले की दार कलत नाही. हे जमत नसेल तर दार बाकाच्या पायाला किंवा टेबलाला दोन शिकंज्यांनी आवळा. भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवलेलं किंवा घरातल्या कुणी धरून ठेवलेलं दार चालणार नाही. धरणाऱ्याचा हात घसरला की तो पात्याकडेच जातो. दाराला हाताने जोरात धक्का देऊन बघा. हललं तर अजून यंत्र लावू नका.

तुमच्या फळीच्या टोकांना खड्डे का पडले ते आता सांगतो. सुरुवातीला फक्त पुढचा तळ लाकडावर असतो, मागचा हवेत. त्या वेळी मागच्या मुठीवर भार गेला की यंत्र मागे झुकतं आणि पातं खाली रुततं. शेवटी उलट होतं: पुढचा तळ फळीबाहेर जातो, पुढच्या मुठीवर भार राहिला तर यंत्र पुढे झुकतं आणि दुसऱ्या टोकाला खड्डा पडतो. म्हणून सुरुवातीला भार पुढच्या मुठीवर, मधे दोन्हींवर सारखा, शेवटी मागच्या मुठीवर. यंत्र बंद ठेवून चार-पाच वेळा नुसतंच लाकडावरून चालवून बघा, म्हणजे खांद्यांना सवय होते. अंगाने चालायचं, नुसते हात लांबवायचे नाहीत. दार दोन मीटरचं आहे, त्याला दोन पावलं लागणारच. वाटेत भुसा, वायर, चपला काही नको. वायर खांद्यावरून मागे टाका.

उसळण्याचं कारणही सरळ आहे. ड्रमची पाती खालून पुढच्या दिशेने फिरतात, म्हणजे लाकूड यंत्राला मागे, तुमच्याकडे ढकलत असतं. हलका घास असला की ते जाणवत नाही. पातं लाकडाला टेकवून ठेवून बटण दाबलंत, खोली दोन मिलिमीटरवर ठेवलीत किंवा वाटेत गाठ वा खिळा आला, की तो धक्का एकदम बसतो. तेव्हा पुढचा तळ फळीवर टेकवा, पातं फळीबाहेर हवेत राहू द्या, बटण दाबा, ड्रमला पूर्ण वेग येऊ द्या, मग पुढे सरका. सागवानाच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त घास घेऊ नका. शेवटची फेरी पाव मिलिमीटरची. खोली दाखवणारा आकडा दोन मिलिमीटरपर्यंत जातो म्हणून तिथे जायची गरज नाही. गाठ जवळ आली की आवाज जड होतो, तिथे वेग कमी करायचा. लाकडाच्या रेषा उलट्या असतील तर तंतू उपटले जातात, तेव्हा दार फिरवून दुसऱ्या टोकाकडून या.

वरची किंवा खालची कड रंधायची वेळ आली तर वेगळी काळजी. तिथे मधल्या आडव्या पट्टीची रेषा लांबीत असते, पण दोन्ही टोकांना उभ्या पट्ट्यांचं आडवं तोंड येतं. सरळ एका दमात पलीकडे गेलात तर शेवटचा कोपरा ढलपी होऊन उडतो. दोन्ही टोकांकडून मधे या, किंवा पलीकडच्या टोकाला एक टाकाऊ पट्टी शिकंज्याने आवळा, म्हणजे फुटायचं ते ती फुटेल.

कडीच्या बाजूची कड अगदी काटकोनात न ठेवता, बंद होताना दाराचं जे अंग आधी चौकटीत शिरतं त्या अंगाला किंचित, तीनेक अंश, उतरती ठेवा. ३५ मिलिमीटर जाडीत हा उतार दोन मिलिमीटरच्या आत येतो. दार बंद होताना ती आधी शिरणारी कड चौकटीला लागत नाही, आणि दुसऱ्या अंगाने फट न वाढवता दार मोकळं होतं. म्हणजे कमी लाकूड काढूनही काम होतं.

आता ज्या क्षणी कोणी सावध नसतं तो क्षण. फेरी संपली, बटण सोडलं, माणूस यंत्र खाली ठेवतो. ड्रम अजून काही सेकंद फिरतच असतो. तो जमिनीला किंवा भुशाच्या ढिगाला टेकला की पाती जमीन पकडतात आणि यंत्र मागे पळतं, म्हणजे तुमच्या पायाकडे आणि स्वतःच्याच वायरवर. काही यंत्रांना मागच्या तळाखाली एक छोटा पाय असतो, उचलल्यावर तो आपोआप उघडतो आणि पातं जमिनीपासून वर राहतं. तुमच्या यंत्राला तो असेल तर भुशाने अडकलेला नाही ना ते बघत जा. नसेल तर जवळ एक लाकडी पट्टी ठेवा आणि पुढचा तळ तिच्यावर टेकवा. काहीही असो, ड्रमचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत यंत्र दोन्ही हातांत धरून उभं राहायचं.

आणि भुशाचं तोंड. ओलसर सागवानात ते हमखास तुंबतं. तुंबलं की हात आपोआप तिकडे जातो, बोट घालून कोरायला. ते तोंड थेट ड्रमवर उघडतं. आधी प्लग काढायचा, नुसतं बटण सोडणं पुरेसं नाही, मग काडीने साफ करायचं. प्लग आपल्या नजरेसमोर राहील असं बोर्ड ठेवा, म्हणजे दुसरं कुणी येऊन तो लावणार नाही. यंत्र चालूच राहील असं लॉकचं बटण रंध्यावर वापरू नका.

हातमोज्यांचं विचारलंत. घालू नका. पात्याला मोजा थोपवत नाही. सुती मोज्याचा धागा पकडला गेला तर तो पूर्ण हात आत ओढतो. गळ्यातला पंचा, लांब बाही, अंगठी, हातातला दोरा, हे सगळं त्याच कारणाने काढा. डोळ्यांना सुरक्षा चष्मा मात्र लावाच, बंद बूट घाला. कानाला मफ किंवा प्लग लावा. यंत्राचा आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो आणि बंद खोलीत तो आणखी टोचतो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातलेलं आहे, आणि सागवानाच्या धुळीने अनेकांच्या कातडीला खाज येते, म्हणून एन-९५ मास्क आणि उघड्यावर काम. दार जुन्या ऑइलपेंटचं असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासूनच लागू झाली. असा रंग रंध्याने उडवू नका, आधी ओलं करून खरवडा, लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवा आणि खरवड गोळा करून टाका.

पावसाळा आहे म्हणून विजेचंही. ओल्या अंगणात, ओल्या हाताने यंत्र चालवू नका. ज्या बोर्डवरून वीज घेता त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळती झाली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, आहे का ते बघा. नसेल तर आधी तो बसवून घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. इंटरनेटवर हाच रंधा टेबलाखाली उलटा बांधून त्यावरून लहान पट्ट्या सरकवायचे व्हिडिओ भरपूर आहेत. तसं करू नका. काही कंपन्या उलटं बसवायचा स्टँड देतात, त्याला पातं झाकणारं आवरण असतं. घरगुती जुगाडात ते नसतं, आणि लाकूड बोटांनी पात्यावर दाबत न्यावं लागतं. पट्टी आखूड असेल तर शेवटी पात्यावर फक्त बोटंच उरतात. हातभरापेक्षा आखूड तुकडा असला की इलेक्ट्रिक रंधा बाजूला ठेवा आणि हाताचा लोखंडी रंधा घ्या. तुमच्या दाराचं शेवटचं पाव मिलिमीटरसुद्धा मी हाताच्याच रंध्याने काढेन.

रंधून झालं की त्याच दिवशी उघड्या कडेला सीलर किंवा तेल द्या, दोन हात. वरची आणि खालची कड विसरू नका, पाणी तिथूनच सर्वांत जास्त शिरतं आणि बिजागरीवर दार असताना ती कड कुणी रंगवत नाही. दार काढलंच आहे तर ते करून घ्या.

पुढे लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा: दाराची जाडी किती, ते नेमकं कुठे घासतं, आणि वरची बिजागरी उचलल्यावर हलते का. त्यावरून किती लाकूड काढायचं, की काढायचंच नाही, ते नेमकं सांगता येईल.